चेनसॉचा पिस्टन बदलताना: साडेसहा शतांश मिलिमीटरची फट

मे महिन्यात आमचा चेनसॉ जाम झाला आणि ऑगस्टमध्ये तो पुन्हा लाकडाला लागला. मधल्या काळात ज्या ज्या दुकानात गेलो तिथं एकच उत्तर मिळालं: "किट टाका, चालतंय." किट म्हणजे सिलिंडर, पिस्टन, रिंगा, पिन, सगळं एका डब्यात. ते टाकून मशीन चालतंही. पण किती दिवस चालतं हे कुणी सांगत नाही, आणि आतली, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट किती राहिली हे तर कुणी मोजतच नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी काय काय केलं ते क्रमानं लिहितो. मी मेकॅनिक नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आमची भात आणि काजूची शेती आहे, आणि पाना-पक्कड धरायची सवय आहे, एवढंच.

मशीन ५२ सीसीचं, चिनी बनावटीचं. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीत एखादं असतंच. पावसाळ्यात रस्त्यावर, तारांवर झाडं पडतात, तेव्हा लाइनमन यायच्या आधी हेच मशीन बाहेर निघतं. आमचं मशीन निलगिरीचे ओंडके करत असताना आवाज चढला, मग एकदम दबला आणि दोरी ओढली तर हलेना. थंड झाल्यावर दोरी हलली, पण फार हलकी. चांगलं मशीन दोरीच्या हँडलला धरून उचललं तर काही क्षण तसंच लटकून राहतं. हे सरळ खाली आलं. दाब गेलेला.

पहिली पायरी कागदांची. बिल काढलं. वॉरंटी सहा महिन्यांची आणि मशीन तीन वर्षांचं, म्हणजे तो रस्ता बंद. बेळगावात एका सर्व्हिस सेंटरला दाखवलं. त्यांनी मजुरीसकट ३,८०० रुपयांचा अंदाज कागदावर लिहून दिला आणि पार्ट यायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. नवीन मशीन सात-आठ हजारांत मिळत असताना तेवढे घालणं जिवावर आलं. अंदाजपत्रकावर जीएसटी धरलाय की नाही हे तिथंच विचारून घ्या, नंतर आकडा वाढतो.

मला घाई होती त्याचं कारण फणस. घराच्या मागं एक जुना फणस कौलांवर कलला होता आणि तो पाऊस वाढायच्या आत उतरवायचा होता. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा आहे. त्यात निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना सूट आहे, बाकीच्यांना आपल्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. अर्ज कन्नडमध्ये. माझं कन्नड बोलण्यापुरतं, लिहिण्यापुरतं नाही, म्हणून शेजारच्या मास्तरांकडून भरून घेतला. पहाणीचा उतारा, आधार, झाड आणि घर एकाच चौकटीत दिसेल असा फोटो जोडला. फोटोमुळं काम सोपं झालं, बघायला आलेल्या वनखात्याच्या गार्डनं पण तेच सांगितलं. परवानगी जुलैत हातात आली आणि तिच्यावर मुदत होती. त्यामुळं मशीनचं काम आणि त्या कागदाची तारीख अशी शर्यत लागली.

जूनच्या सुरुवातीला मशीन उघडलं. सगळ्यात आधी सायलेन्सर काढून टॉर्चनं एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघायचा. सगळं सोडवायच्या आधी एवढ्यावरून निम्मं कळतं. आमच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, रिंगेपर्यंत गेलेले, आणि इनटेकची बाजू मात्र स्वच्छ. ओरखडे कुठं आहेत याला फार अर्थ असतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णता जास्त झाली: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, किंवा तेल कमी. इनटेकच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून धूळ गेली. आणि पिस्टनवर चार ठिकाणी, पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणारी आडवी कांडी) दोन्ही अंगांना पुढं-मागं असे पट्टे असतील तर पिस्टनला फुगायला जागा नव्हती, म्हणजे फटच कमी होती. हे तिसरं नवीन किट टाकलेल्या मशीनवर दिसतं. "किट टाका, चालतंय" यातला धोका इथंच आहे.

सिलिंडर काढताना चार अॅलन बोल्ट. आत क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या खालच्या पेटीत, पिस्टनचा चुरा पडलेला असतो. पेट्रोल घालून, उलटं करून, पुन्हा घालून तो धुवून काढला. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघितला. आडवा थोडा सरकतो, ते चालतं. उभा खेळ असेल तर खालचं बेअरिंग गेलं, मग पिस्टनवर पैसे घालू नका. आमचं ठीक होतं.

सिलिंडरच्या आत चंदेरी चट्टे दिसत होते. बघणारा म्हणतो सिलिंडर गेला. बहुतेक वेळा ते सिलिंडरचे ओरखडे नसतात, पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळून तिथं चिकटलेलं असतं. या सिलिंडरला आत क्रोमचा किंवा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो आणि तो पिस्टनपेक्षा कितीतरी कडक. चिकटलेलं अॅल्युमिनियम काढायला मी फरशी धुवायचं अॅसिड वापरलं. अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालून, कापूस गुंडाळलेल्या काडीनं फक्त चट्ट्यांवर लावायचं. अॅल्युमिनियम असेल तिथं फसफसतं. फसफस थांबली की पुसायचं, पुन्हा लावायचं. पोर्टच्या कडांना अजिबात लागू देऊ नका, तिथं लेपाच्या खालचं उघडं अॅल्युमिनियम असतं आणि अॅसिड ते खातं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं आणि मग साबणानं धुवायचं. सगळं पुसून झाल्यावरही एखाद्या जागी फसफस थांबतच नसेल तर तिथला लेप फाटलाय, तो सिलिंडर टाकून द्या. आमचा वाचला. स्कॉचब्राइटनं तिरकी हलकी घासणी केली, होनिंगचा दगड लावला नाही.

मोटरसायकलच्या बिडाच्या सिलिंडरची सवय असलेले मिस्त्री म्हणतात, "बोअर करून मोठा पिस्टन टाकू," म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करू. इथं ते होत नाही. लेप अगदी पातळ असतो, बोअर केला की तो संपला. म्हणजे या इंजिनात फट 'बसवायची' तर सिलिंडर कातून नाही, पिस्टन निवडून. कंपन्या सिलिंडर-पिस्टनवर अ, ब, क सारखे गट मारतात ते यासाठीच: मोठा सिलिंडर निघाला तर त्याला मोठ्या गटातला पिस्टन. बाजारातल्या सुट्या पिस्टनवर असला गट बहुधा नसतो. डब्यावर '४५ मिमी' एवढंच.

आधी ऑनलाइन किट मागवलं होतं, १,४५० रुपयांचं, तुलनेला. कुरियर गावापर्यंत येत नाही, खानापूरहून जाऊन आणावं लागलं. डब्यावर ५२ सीसी, आत ४५.२ मिमीचा पिस्टन. ५२ सीसीच्या मशीनला ४५ आणि ५८ सीसी म्हणून विकतात त्याला ४५.२, आणि बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. परत पाठवताना व्हर्नियरवर माप दिसेल असा फोटो आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो जोडा, नुसतं 'बसत नाही' लिहिलं तर प्रश्नोत्तरं वाढतात. पैसे परत यायला तीन आठवडे लागले. डबा उघडतानाचा व्हिडिओ ठेवला होता, त्याचा उपयोग झाला.

मग बेळगावच्या बाजारातून सुटा पिस्टन आणला, रिंगा-पिनसकट ३८० रुपये. तो सिलिंडरमध्ये घातला तर अगदी छान सरकत होता, हाताला ना ढिला ना घट्ट. इथं बहुतेक जण बोल्ट आवळतात. मला चैन पडेना कारण हाताला पाच शतांश आणि आठ शतांश मिलिमीटर यांतला फरक कळत नाही, आणि इंजिनाला कळतो.

व्हर्नियर इथं कामाचा नाही. साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत दाखवतो, आणि आपल्याला शोधायची ती फटच सगळी मिळून ०.०६-०.०७. पिस्टनसाठी २५ ते ५० मिमीचा बाहेरचा मायक्रोमीटर लागतो, तो मी ९५० रुपयांना घेतला. सिलिंडरसाठी बोअर गेज, म्हणजे आतला व्यास मोजायचं साधन, लागतो आणि तो शेतकऱ्याच्या घरी असायचं कारण नाही. पण आपण बेळगावजवळ राहतो. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप एकाला एक लागून आहेत, तिथं क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे पार्ट मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात. ओळखीतून एका वर्कशॉपच्या तपासणी खोलीतल्या काकांपर्यंत पोचलो. पाळी सुटायच्या वेळेला या म्हणाले.

पिस्टन खिशातून काढून दिला तर त्यांनी घेतलाच नाही. "तिथं ठेवा. सिलिंडर पण ठेवा. चहा पिऊन येऊया." मापाचं तापमान जगभर २० अंश धरतात, त्यांच्या खोलीत एसी होता. खिशातला पिस्टन अंगाच्या उष्णतेनं दहा-बारा अंशांनी जास्त गरम असला तर ४५ मिमीच्या व्यासात शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. घरी मोजायचं असेल तर एसी नको, पण पिस्टन, सिलिंडर आणि मायक्रोमीटर तिन्ही एकाच टेबलावर तास-दोन तास पडू द्या आणि मोजताना फडक्यानं धरा.

परत आल्यावर मी मायक्रोमीटर पिस्टनच्या डोक्याजवळ लावायला गेलो तसे ते हसले. "डोक्यावर मोजूलालायसा काय? तिथं बारीकच असतंय की ओ. खाली स्कर्टवर, पिनच्या काटकोनात." स्कर्ट म्हणजे पिस्टनचा रिंगांखालचा भाग. पिस्टन गोल दिसतो, पण गोल नसतो आणि सरळही नसतो. डोकं सगळ्यात जास्त तापतं म्हणून ते मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. आमच्या पिस्टनचं डोकं स्कर्टपेक्षा जवळजवळ दोन दशांश मिलिमीटरनं बारीक निघालं. पिनच्या दिशेलाही तो किंचित चपटा असतो, कारण तिथं धातू जास्त आणि तो जास्त फुगतो. म्हणून फट मोजायची ती स्कर्टच्या खालच्या कडेपासून थोडं वर, एक्झॉस्ट-इनटेकच्या रेषेत. डोक्याच्या बाजूनं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून "फट भरपूर आहे" म्हणणारे लोक मी बघितलेत, त्यांना डोक्याचीच फट दिसते.

सिलिंडर त्यांनी तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजला. वर ४५.००, एक्झॉस्टच्या पातळीला ४५.०१, खाली ४५.०१. तीन वर्षं चालून, जाम होऊनही लेपाची झीज जवळजवळ नाही. जुना पिस्टन ४४.८४, म्हणजे झिजला तो तोच. नवीन ३८० रुपयांचा ४४.९६५. फट साडेतीन ते साडेचार शतांश.

"बसतंय," काका म्हणाले. "खरं धावताना धरंल."

का धरेल, म्हणजे जाम होईल, याचा हिशोब त्यांनी पाकिटाच्या मागं मांडला, तो इथं देतो कारण यातच सगळं आहे. पिस्टनच्या अॅल्युमिनियमचा ४५ मिमी व्यास दर अंशाला साधारण ०.९ मायक्रॉन वाढतो. सिलिंडरही अॅल्युमिनियमचाच, तोही वाढतो. दोघं सारखे तापले तर फट जवळपास तेवढीच राहते. प्रश्न दोघांतल्या फरकाचा. सिलिंडरला बाहेरून पंख्याची हवा लागते, पिस्टनला लागत नाही. स्कर्ट सिलिंडरच्या भिंतीपेक्षा ४० अंशांनी जास्त गरम असला तर फटीतले ३६ मायक्रॉन गेले. ५० अंशांनी असला तर ४५. म्हणजे आमच्या नव्या पिस्टनची फट शून्यावर, तेलाच्या थराला जागाच नाही. आणि हा फरक सगळ्यात जास्त कधी असतो? थंड मशीन सुरू करून लगेच पूर्ण थ्रॉटल दिला तेव्हा. पिस्टन अर्ध्या मिनिटात तापतो, सिलिंडर मागं राहतो. डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडं गारठा असतो, त्या वेळी मशीन सुरू करून थेट ओंडक्यावर ठेवणारे बरेच आहेत. चार पट्ट्यांचे पिस्टन तिथून येतात.

उलट फट जास्त असली तर ते इतक्या लगेच मारत नाही, पण पिस्टन डुलतो, थंड असताना टकटक वाजतो, रिंगा वाकड्या झिजतात आणि दाब लवकर जातो. लेप असलेल्या एवढ्या लहान टू-स्ट्रोक सिलिंडरला काकांच्या मते ६ ते ८ शतांश बरं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला याहून कमी चालतं, हवेवरच्याला थोडं सैल द्यावं. तुमच्या मशीनचं कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळत असेल तर त्यातला आकडा आधी, बाकी सगळं नंतर. जुने मिस्त्री हेच 'अडीच थाऊ' (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणून सांगतात, आकडा जवळपास तोच येतो. पैसे विचारले तर त्यांनी घेतले नाहीत, चहाचे पण त्यांनीच दिले.

आता ४४.९४ च्या आसपासचा पिस्टन शोधायचा होता. मायक्रोमीटर घेऊन बाजारात गेलो. पहिल्या दुकानात नाराजी झाली: "सगळे पंचेचाळीसच आहेत." दुसऱ्या दुकानात मालकाचा मुलगा उत्सुक निघाला, त्यानं वेगवेगळ्या बनावटीचे पिस्टन काउंटरवर मांडले आणि आम्ही दोघांनी मोजले. डब्यावर सगळीकडं ४५. माप ४४.९२ पासून ४४.९७ पर्यंत. एकाच्या स्कर्टला तर पिनच्या दोन बाजूंना वेगळं माप येत होतं, तो त्यानंच बाजूला टाकला. ४४.९४ चा निवडला, ४२० रुपये. फट सहा ते सात शतांश. दुकानात मायक्रोमीटर नेण्यात लाजू नका. गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नका.

एवढं झालं तरी मी मशीन जोडलं नाही, कारण जुना पिस्टन फटीमुळं गेला नव्हता. एक्झॉस्टच्या बाजूचे ओरखडे हवा जास्त झाल्याचं सांगत होते. ते कारण सापडल्याशिवाय नवीन पिस्टन घालणं म्हणजे पुन्हा ४२० रुपये जाळणं. हवा कुठून शिरते ते शोधायला मशीन दाबावर तपासतात: एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बंद करायची, कार्बोरेटरला जाणारं छोटं पल्सचं भोकही बंद करायचं, आणि आत हवा भरायची. मेकॅनिकांकडं त्याचा पंप असतो, साधारण अर्धा बार भरतात. मी ब्लड प्रेशरच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा वापरला, प्लगच्या भोकातून. काट्यावर २५० म्हणजे ०.३३ बार. तेवढ्यावरही गळती दिसते. जुना पिस्टन-सिलिंडर तात्पुरता लावून हे केलं. काटा सावकाश उतरत होता. साबणाचं पाणी लावलं तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या काळ्या ब्लॉकच्या गॅस्केटपाशी बुडबुडे. त्या ब्लॉकचे स्क्रू हादऱ्यानं ढिले होतात. गॅस्केट बदलला, स्क्रूंना लॉकचं निळं औषध लावलं. क्रँकचे ऑइल सील दाबाला टिकले तरी ओढीला गळू शकतात, त्यांचा ओठ आत खेचला जातो. जनावरांना औषध देतात त्या मोठ्या सिरिंजनं हवा ओढून बघितली, शंका आली म्हणून सीलही बदलले. नव्वद रुपयांसाठी विचार करत बसलो नाही.

जोडणीचं थोडक्यात. रिंग आधी एकटी सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकलून, तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं बघितली: ०.२ मिमी. फार कमी असेल तर टोकं तापल्यावर एकमेकांना भिडतात. नवी रिंग असूनही एक मिलिमीटरच्या आसपास आली तर ती परत करा. पिस्टनच्या खाचांत बारीक पिना असतात, रिंगांची टोकं त्यांच्यावरच आली पाहिजेत, नाहीतर पोर्टमध्ये अडकून तुटतात. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं. पिनच्या क्लिपा नव्याच वापरायच्या, त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, बाजूला नाही. क्लिप उडून क्रँककेसमध्ये जाऊ नये म्हणून खाली फडकं कोंबायचं आणि नंतर ते काढायचं आठवायचं. रिंगा दाबून धरायला प्लास्टिकच्या बाटलीची पट्टी पुरते. टू-स्ट्रोकचं तेल सगळीकडं, हातानं.

आणखी एक फट असते ती वरची: पिस्टन सगळ्यात वर आल्यावर डोकं आणि सिलिंडरचं छत यांच्यातली. सोल्डरची तार वाकवून प्लगच्या भोकातून पिनच्या रेषेत कडेपर्यंत घालायची, फ्लायव्हील हातानं फिरवायचं, चेपलेली तार मोजायची. आमची ०.९ आली. काही जण दाब वाढवायला खालचा गॅस्केट काढून टाकतात. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलात तर पिस्टन छताला टेकायची भीती. मला शर्यत लावायची नव्हती, गॅस्केट ठेवला. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमानं, दोन टप्प्यांत आवळले.

जुलै संपत आला होता, बाहेर धो धो पाऊस. पडवीतच सुरू केलं. एक लिटर पेट्रोलला २५ मिली चांगलं टू-टी तेल, म्हणजे ४० ला १. नव्या पिस्टनला तेल दुप्पट ओतायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण तेल वाढलं तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट हवेकडं झुकतं. तेलाचं प्रमाण बदललं की कार्बोरेटरची सुई बघायलाच हवी. मी 'एच'ची सुई, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी, थोडी मोकळी ठेवली, पूर्ण थ्रॉटलला आवाज जरा घोगरा, अडखळत येईल अशी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि आमच्या हवेत ते पाणी ओढून घेतं, म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करायचं आणि काम संपलं की टाकी रिकामी करायची.

पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं चालवून बंद, हात लावता येईल इतकं थंड होऊ दिलं, पुन्हा चालवलं. असं काही वेळा केल्यावर बोल्ट तपासले, एक किंचित घ्यावा लागला. मग पातळ फांद्या. पहिल्या दोन टाक्या संपेपर्यंत जाड ओंडक्याला लावलं नाही, आणि नुसतं हवेत भर्र करत ठेवलं नाही. दाबाचा काटा सहाशे रुपयांचा घेतला होता. सुरुवातीला १३० पीएसआय, दोन टाक्यांनंतर १५०, रिंगा बसल्या. ११० च्या खाली गेलं की मशीन सुरू व्हायला त्रास देतं, असा माझ्याकडच्या जुन्या मशीनचा अनुभव.

फणस परवानगीच्या मुदतीच्या आत उतरला. बुंधा दीड हातापेक्षा जाड, मधे मधे मशीनला विश्रांती देत कापला. कापलेलं लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वेगळा परवाना लागतो, आम्ही फळ्या घरातच वापरणार होतो म्हणून तो प्रश्न आला नाही. परवानगीची झेरॉक्स मात्र काम चालू असताना खिशात ठेवा. दोघांनी थांबून विचारलं.

काम झाल्यावर सायलेन्सर पुन्हा काढून पिस्टन बघितला. स्कर्टवर कातकामाच्या बारीक रेषा अजून शाबूत, एक्झॉस्टच्या बाजूला एकही ओरखडा नाही. खर्च: दोन पिस्टन, गॅस्केट, सील, प्लग, अॅसिड मिळून बाराशेच्या आत. मायक्रोमीटर आणि दाबाचा काटा धरले तर पावणेतीन हजार, पण ते दोन्ही आता गावात फिरतात. बसभाडं धरलेलं नाही.

आमच्या मशीनला मोठा पडलेला तो ४४.९६५ चा पिस्टन तेल लावलेल्या कागदात गुंडाळून ठेवलाय. ४५.०३ च्या आसपासचा सिलिंडर असलेल्या कुणाला तो अगदी बरोबर बसेल. खानापूर भागात कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त येताना आपला बोअर मोजून या.